‘बेशिस्त’ हीच साक्ष : अमेरिकी सैन्यातील लैंगिक अत्याचार आणि त्याचे परिणाम

(महिला आघाडीच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



फलकावर आजचा विषय ‘अमेरिकी सैन्यातील स्त्रिया’ असा लिहिला आहे. तो थोडा दुरुस्त करून घेते. मला बोलायचे आहे ते अमेरिकी सैन्याच्या आत, सैन्यातल्याच माणसांनी आपल्या सहकाऱ्यांवर केलेल्या लैंगिक अत्याचाराविषयी. आणि त्याहीपेक्षा, अत्याचारानंतर त्या माणसाच्या वागण्यात जे बदल होतात त्यांना ते सैन्य कोणते नाव देते याविषयी. ‘माणसाच्या’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरीत आहे. अत्याचार सोसणाऱ्यांत पुरुषही आहेत आणि त्यांची संख्या आपल्या कल्पनेपेक्षा कितीतरी मोठी आहे.

व्याख्यान सुरू होण्यापूर्वी एका ज्येष्ठ कॉम्रेडनी मला विचारले, की ज्या सैन्याने व्हिएतनामच्या खेड्यांवर नापाम ओतले, ज्याने इराक उद्ध्वस्त केला, त्या सैन्यातील शिपायांच्या यातनांशी आपल्याला काय कर्तव्य? प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देऊन पुढे जाणे बरे नाही.

१९९५ च्या सप्टेंबरात जपानच्या ओकिनावा बेटावर तीन अमेरिकी सैनिकांनी १२ वर्षांच्या एका शाळकरी मुलीला भाड्याच्या मोटारीतून पळवून नेऊन तिच्यावर अत्याचार केला. पुढच्याच महिन्यात त्या लहानशा बेटावर सुमारे ८५ हजार माणसे निषेधासाठी एकत्र आली. अशा वेळी पॅसिफिक विभागाचे सरसेनापती अ‍ॅडमिरल रिचर्ड मॅकी यांनी वार्ताहरांसमोर कोणते मत मांडावे? मोटारीच्या भाड्यावर जेवढे पैसे घालवले तेवढ्यात या पोरांना एखादी मुलगी मिळाली असती, अशा आशयाचे! या उद्गारापायी अ‍ॅडमिरलसाहेबांना निवृत्त व्हावे लागले. परंतु त्या एका उद्गारात त्या सैन्याचे स्त्रीविषयीचे सारे अर्थशास्त्र सामावलेले आहे. तळाभोवतीच्या वस्तीतली बाई ही धान्य, इंधन आणि दारूगोळा यांच्याप्रमाणेच रसदीतली एक बाब! २००६ साली इराकमध्ये महमूदियाजवळ अमेरिकी शिपायांनी १४ वर्षांच्या मुलीवर सामूहिक बलात्कार केला आणि तिला, तिच्या आईवडिलांना व धाकट्या बहिणीला ठार मारले. ज्या सैन्यात हे घडते त्या सैन्यात गणवेश घालून दाखल झालेल्या मुलीकडे शेजारच्या खाटेवरचा शिपाई आणि तिच्यावर हुकूम चालवणारा सार्जंट कोणत्या नजरेने पाहत असेल, हे सांगायला फारशी प्रतिभा लागत नाही. तळाच्या कुंपणाबाहेरची हिंसा आणि आतली हिंसा या दोन निरनिराळ्या गोष्टी नाहीत. म्हणून हा विषय आपला आहे.

दुसरे असे, की या शिपायांचा वर्ग कोणता? अमेरिकेत सक्तीची भरती १९७३ साली बंद झाली. तेव्हापासून तिथले सैन्य ‘स्वेच्छे’चे म्हणवले जाते. ही स्वेच्छा कशी घडते ते ध्यानात घेतले पाहिजे. कॉलेजची फी परवडत नाही, दवाखान्याचा खर्च परवडत नाही, गावातला कारखाना बंद पडलेला. अशा घरातील अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींपुढे भरती अधिकारी शिक्षणाचा खर्च, आरोग्यसेवा आणि पगार घेऊन येतो. एकदा सही झाली की ती मोडता येत नाही. गिरणीत जॉबर छळू लागला तर कामगार बाई निदान, उपाशी राहण्याच्या तयारीने का होईना, काम सोडून घरी जाऊ शकते. शिपाई काम सोडून गेला तर तो फरारी ठरतो. जिने छळ केला त्याच व्यक्तीच्या बराकीत झोपायचे, तिच्याच हुकमाने पहाऱ्याला उभे राहायचे, तिच्याच सहीने रजा मागायची. रजेचा, बढतीचा, औषधपाण्याचा आणि तक्रारीचा रस्ता एकाच दारातून जातो.

आता थोडे आकड्यांकडे वळू. पेंटागॉन दर दोन वर्षांनी आपल्या शिपायांची निनावी पाहणी करून अत्याचारितांची अंदाजी संख्या प्रसिद्ध करते. २०१२ च्या पाहणीत ही संख्या सुमारे २६ हजार निघाली. त्यांपैकी सुमारे १४ हजार पुरुष होते. सैन्यात पुरुषच फार मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे प्रमाणाने पाहता स्त्रियांनाच धोका कितीतरी अधिक. तरीही हा आकडा डोळे उघडणारा आहे. त्या वर्षी प्रत्यक्ष नोंदवल्या गेलेल्या तक्रारी किती? ३,३७४. नंतरच्या पाहण्यांत आकडा खाली गेला, पुन्हा वर चढला. २०२१ मध्ये तो सुमारे ३६ हजारांवर पोहोचला आणि २०२३ मध्ये २९ हजारांवर आला. माजी सैनिकांच्या कल्याणाचे जे सरकारी खाते तिकडे आहे, ते दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक माजी सैनिकाला याविषयी विचारते. स्त्रियांपैकी तिघींत एक आणि पुरुषांपैकी पन्नासांत एक ‘होय’ असे उत्तर देतो.

या खात्याने जो शब्दप्रयोग रूढ केला आहे त्याच्याशी भाषांतर करताना माझी बरीच झटापट झाली. ‘मिलिटरी सेक्शुअल ट्रॉमा’ हे त्याचे इंग्रजी नाव. मराठीत सरळ ‘लष्करी लैंगिक आघात’ असे होते. आता पाहा, या तीन शब्दांत कर्ता कुठेच नाही. लष्कर आहे, लिंग आहे, आघात आहे. तो करणारा मात्र नाही. पेंटागॉनच्या पाहणीत तर कित्येक वर्षे ‘नकोसा लैंगिक संपर्क’ असा शब्दप्रयोग होता, जणू काही गर्दीत कोणाचा धक्का लागला! नोकरशाहीची भाषा सर्वत्र अशीच कर्ता गिळून टाकते. मी ‘आघात’ हा शब्द कायम ठेवला तो एवढ्याचसाठी, की मराठीत आघात म्हटला की ‘कोणी केला?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

या आघाताचा परिणाम माणसाच्या वागण्यावर काय होतो? या ज्ञानाचा इतिहास आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ते दोन चळवळींनी जगापुढे आणले. १९७० साली न्यूयॉर्कमध्ये व्हिएतनामहून परतलेल्या युद्धविरोधी सैनिकांनी आपापसात बसून बोलण्याचे गट सुरू केले. रॉबर्ट लिफ्टन आणि चेम शाटान हे मनोविकारतज्ज्ञ त्या गटांत त्यांच्या बरोबरीने बसत. रात्री झोप न येणे, बारीकशा आवाजाने दचकणे, अकारण संतापणे, दारूत बुडणे, आप्तांपासून तुटत जाणे, हे सारे भ्याडपणाचे किंवा दुबळ्या मनाचे लक्षण नव्हे, युद्धात जे पाहिले आणि जे करायला लावले गेले त्याचा तो परिणाम आहे, हे या माणसांनी हट्टाने मांडले. त्याच काळात स्त्रीमुक्ती चळवळीमुळे बलात्काराचा प्रश्न रस्त्यावर आला होता. बॉस्टनच्या सरकारी रुग्णालयात येणाऱ्या बलात्कारित स्त्रियांचा अभ्यास करून अ‍ॅन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम यांनी १९७४ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यातले एक निरीक्षण मला फार मोलाचे वाटते. रुग्णालयात आलेल्या स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या रडत होत्या, थरथरत होत्या. आणि उरलेल्या तितक्याच स्त्रिया शांत होत्या, संयमित होत्या, विचारले तेवढ्याचेच उत्तर देत होत्या. आघात दोघींवर सारखाच झालेला होता. ‘खरोखर असे घडले असते तर ही अशी बसली असती का?’ हा प्रश्न जगभरच्या पोलीस चौक्यांत अजून विचारला जातो. त्याचे उत्तर १९७४ पासून उपलब्ध आहे.

१९८० साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ‘आघातोत्तर तणाव विकार’ हे निदान आपल्या अधिकृत सूचीत घातले. ज्युडिथ हर्मन यांच्या १९९२ च्या ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ या ग्रंथात रणांगणावरचा शिपाई आणि बलात्कारित स्त्री ही दोघे एकाच विकाराचे रुग्ण म्हणून शेजारी शेजारी आणलेली आहेत. सैन्यात बलात्कार सोसलेली व्यक्ती म्हणजे तर ही दोन्ही माणसे एकाच देहात. तिच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्राइड यांनी तिला ‘संस्थेने केलेला विश्वासघात’ म्हटले आहे. ज्या संस्थेवर जीव सोपवलेला असतो तीच जेव्हा पाठ फिरवते, तेव्हा आघाताची जखम अधिक खोल जाते, असे त्यांच्या अभ्यासात दिसून आले. शिपायाला पहिल्या दिवसापासून शिकवले जाते, की तुझ्या डाव्याउजव्या बाजूचा माणूस तुझा प्राण वाचवणार आहे. त्याच माणसाने रात्री दार ढकलले तर मग पाठ कोणाकडे करायची?

वागण्यातले बदल दिसायला साधे असतात. दिवा लावून झोपणे. बसताना पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे. मागून कोणी खांद्यावर हात ठेवला तर फिरून फटकाच मारणे. दातांच्या डॉक्टरकडे जाणे टाळणे, कारण तिथे आडवे पडून तोंड उघडावे लागते आणि अनोळखी माणूस वर वाकतो. स्त्रीरोगाची तपासणी वर्षानुवर्षे लांबणीवर टाकणे. ज्या वासाचा साबण किंवा ज्या ब्रँडची दारू त्या रात्रीशी जोडली गेली, तो वास आला की ओकारी होणे. नवऱ्याचा किंवा मुलाचा स्पर्श सहन न होणे आणि त्याची पुन्हा शरम वाटणे. नोकरी लागते, पण वरिष्ठ म्हणून कोणी दरडावून बोलला की दुसऱ्या दिवसापासून कामावर जाणे बंद. अशा पाच-सात नोकऱ्या गेल्या की घरभाडे थकते. अमेरिकेतील बेघर माजी सैनिक स्त्रियांच्या एका मोठ्या पाहणीत दहांपैकी चौघींनी सैन्यात लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले होते. आत्महत्येचा धोकाही या माणसांत वाढलेला आहे, असे त्या खात्याचेच संशोधन सांगते.

पुरुषांच्या वाट्याला आणखी एक गाठ येते. त्यांच्यावरील अत्याचार पुष्कळदा ‘रॅगिंग’, ‘नव्या पोराची परीक्षा’ अशा नावाखाली, टोळक्याने आणि हसतखेळत होतो. ज्याला आयुष्यभर ‘मर्द हो’ एवढेच शिकवले गेले, त्याच्याजवळ हे सांगण्यासाठी भाषाच नसते. शिवाय १९९३ पासून सप्टेंबर २०११ पर्यंत समलिंगी म्हणून उघड झालेल्या माणसाला सैन्यातून काढून टाकण्याचा कायदा होता. दुसऱ्या पुरुषाने माझ्यावर अत्याचार केला असे जो सांगेल, त्याच्यावरच संशय येण्याची भीती! मग तो सांगत नाही. तो मारामाऱ्या करतो, मोटारसायकल भरधाव हाकतो, दारू पितो, आणि ज्या दिवशी काहीतरी गंभीर घडते त्या दिवशी त्याच्या नोंदवहीत ‘बेजबाबदार’ असा शेरा पडतो.

कॉम्रेड्स, आता मी मुख्य मुद्द्याकडे येते. ही जी वागणूक आहे – कामात ढिलाई, उशिरा येणे, दारू, वरिष्ठाला उलट उत्तर, रडू फुटणे, बदलीचे अर्ज – ती सैन्याच्या दृष्टीने बेशिस्त होय. आणि बेशिस्तीवर सैन्यात जालीम उपाय आहे. तक्रारदाराच्या हाती सेवामुक्तीचा कागद ठेवला जातो. त्यावर कारण असते ‘व्यक्तिमत्त्वविकृती’. हा शब्द वैद्यकीय दिसतो. त्याची हिशेबी बाजू अशी आहे. वैद्यकशास्त्रानुसार व्यक्तिमत्त्वविकृतीचे मूळ किशोरवयात किंवा तारुण्याच्या आरंभी असते. अर्थात ती सैन्यात येण्यापूर्वीपासूनची. अर्थात सैन्याचा तिच्याशी संबंध नाही. अर्थात नुकसानभरपाई नाही, अपंगत्वाची पेन्शन नाही. आणि हा शेरा जन्मभर बरोबर राहतो; पुढच्या मालकाने सेवामुक्तीचा दाखला मागितला की तो पुढे येतो. २००१ ते २०१० या दहा वर्षांत अमेरिकी सैन्याने या कारणाखाली सुमारे ३१ हजार माणसांना घरी पाठवले. ते सारेच लैंगिक अत्याचाराचे बळी होते असे कोणी म्हणत नाही. युद्धात मन मोडलेले कितीतरी जण त्यांत होते. पण अत्याचाराची तक्रार केल्यानंतर हा शेरा हाती पडलेल्यांची प्रकरणे ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने २०१६ साली एका सबंध अहवालात मांडली आहेत. भरतीच्या वेळी ज्या डॉक्टरांनी या मुलामुलींना तपासून धडधाकट ठरवले, त्यांना ही विकृती तेव्हा कशी दिसली नाही, हा प्रश्न कोणीही विचारू शकेल.

भांडवली राज्ययंत्रणेची विसंगती पाहायची असेल तर तिचे दोन विभाग शेजारी ठेवून वाचावेत. सैन्याने हाकललेला माणूस पुढे माजी सैनिक खात्याच्या दारात भरपाई मागायला जातो. तिथे २००२ सालापासून एक नियम आहे. अत्याचाराची लेखी तक्रार त्या वेळी झाली नसली, तरी इतर पुरावा ग्राह्य धरावा, असे तो नियम सांगतो. कोणता पुरावा? घरच्यांना किंवा पाद्र्याला तेव्हा सांगितलेली हकीगत, गर्भचाचणीची किंवा गुप्तरोगाच्या चाचणीची नोंद. आणि त्याबरोबरच वागण्यातील बदल. बदलीसाठी केलेला अर्ज, कामाच्या दर्जातील घसरण, मादक पदार्थांचे सेवन, उघड कारण नसलेले नैराश्य, घबराटीचे झटके, पैशाच्या किंवा सामाजिक वागणुकीत अचानक झालेला फरक – ही यादी त्या नियमात छापलेली आहे. म्हणजे ज्या गोष्टींमुळे एका टेबलावर माणसाची नोकरी गेली, त्याच गोष्टी दुसऱ्या टेबलावर त्याच्या बाजूचा पुरावा ठरतात. कागद तोच, नोंदी त्याच. वाचणाऱ्याला कोणता अर्थ सोयीचा, एवढाच फरक.

अर्थात नियम छापला म्हणून अंमल होतो असे नाही. २०१८ साली त्या खात्याच्याच महानिरीक्षकाने तपासणी केली. सहा महिन्यांत नामंजूर झालेल्या सुमारे २,७०० दाव्यांपैकी जवळपास १,३०० दावे नियमाप्रमाणे हाताळले गेलेच नव्हते. नुकसानभरपाईसाठी न्यायालयात जावे तर तो रस्ता १९५० सालच्या फेरेस खटल्यातील निकालाने बंद केलेला आहे. सेवेच्या ओघात झालेल्या इजेबद्दल शिपायाला सरकारवर दावा लावता येत नाही. २०११ साली काही माजी सैनिकांनी एका माजी आणि तेव्हाच्या विद्यमान संरक्षणमंत्र्यांविरुद्ध दावा लावून पाहिला. तो फेटाळला गेला आणि २०१३ साली अपिलातही तेच झाले. बलात्कार हा ‘सेवेच्या ओघात’ घडलेला प्रकार! मी हा मजकूर भाषांतरित करताना दोनदा तपासून घेतला.

एक-दोन प्रकरणे सांगते. सुझॅन स्विफ्ट ही ओरेगॉन राज्यातली तरुण शिपाई २००४ मध्ये इराकमध्ये होती. तिथे वरिष्ठांनी आपला लैंगिक छळ केला असे तिने जाहीरपणे सांगितले. सैन्याने तिच्या सर्व तक्रारी मान्य केल्या नाहीत. २००६ च्या जानेवारीत तिच्या तुकडीला पुन्हा इराकला जाण्याचा हुकूम आला, तेव्हा ती गेलीच नाही. आईच्या घरी राहिली. जूनमध्ये पोलिसांनी तिला घरातून उचलले. डिसेंबरात कोर्ट मार्शल झाले, पद उतरवले गेले आणि ३० दिवसांची कैद मिळाली. ज्या ठिकाणी छळ झाला त्या ठिकाणी परत जाण्यास पाय न उचलणे, हे आघातोत्तर विकाराचे पाठ्यपुस्तकातले लक्षण आहे. सैन्याच्या पुस्तकात तेच परवानगीविना गैरहजेरीचे कलम आहे.

व्हेनेसा गिलेन या २० वर्षांच्या शिपाई मुलीचे प्रकरण अधिक भीषण. टेक्सासमधील फोर्ट हूड या तळावरून ती २२ एप्रिल २०२० रोजी नाहीशी झाली. दोन दिवसांनी तिच्या नावापुढे ‘परवानगीविना गैरहजर’ असा शेरा मारण्यात आला. तिची आई आणि बहिणी तळाच्या फाटकाबाहेर उभ्या राहून ओरडत होत्या, की आमची मुलगी पळून जाणारी नाही. जूनच्या अखेरीस तिचे अवशेष सापडले. तिच्या सहकारी शिपायाने तिचा तळावरच खून केला होता. पोलीस जवळ येताच त्याने स्वतःला गोळी घातली. त्या खुनाचा आणि तिच्या लैंगिक छळाचा संबंध सैन्याच्या चौकशीत जोडला गेला नाही. पण एका वरिष्ठाने तिचा छळ केला होता, ती गोष्ट अधिकाऱ्यांच्या कानावर घातली गेली होती आणि त्यांनी काहीही केले नव्हते, हे सैन्याने २०२१ मध्ये कबूल केले. त्या तळावरील १४ अधिकारी व पदाधिकाऱ्यांना बडतर्फ किंवा निलंबित करावे लागले. आणि २०२० च्या डिसेंबरात सैन्याने नियम बदलला. नाहीशा झालेल्या शिपायाला पहिल्याच तडाख्याला फरारी न मानता त्याचा ठावठिकाणा आधी शोधावा, असे त्यात म्हटले आहे. एवढी साधी अक्कल यायला एका मजूर कुटुंबातील मुलीचा जीव खर्ची पडला.

सुधारणा झाल्या नाहीत असे मी म्हणणार नाही. ते खोटे ठरेल. १९९१ साली लास वेगासमधील एका हॉटेलात नौदल वैमानिकांच्या ‘टेलहूक’ संघटनेच्या मेळाव्यात ८३ स्त्रिया व ७ पुरुषांवर अत्याचार झाल्याचे सरकारी चौकशीत नमूद झाले. तोंड उघडणाऱ्या लेफ्टनंट पॉला कॉफलिन यांना पुढे नौदल सोडावे लागले, नौदल खात्याच्या मंत्र्यांनाही जावे लागले. पण कोर्ट मार्शलमध्ये शिक्षा मात्र एकालाही झाली नाही. त्या वेळी खटला भरावा की नाही हे ठरवण्याचा अधिकार आरोपीच्याच सेनाधिकाऱ्याकडे असे. हा अधिकार काढून घेण्याचे विधेयक सिनेटर कर्स्टन गिलिब्रँड यांनी २०१३ मध्ये आणले. २०१४ मध्ये त्याला ५५ मते पडूनही ते अडले, कारण तिथल्या पद्धतीप्रमाणे ६० लागत. शेवटी गिलेन कुटुंबाच्या आणि अनेक अत्याचारितांच्या आंदोलनानंतर डिसेंबर २०२१ मध्ये कायदा झाला आणि २०२३ च्या डिसेंबरअखेर बलात्कारासारख्या गुन्ह्यांत खटल्याचा निर्णय स्वतंत्र लष्करी वकिलांकडे गेला. हा विजय मोठा आहे. परंतु खटल्याचा अधिकार गेला तरी बदली, शेरा, बढती आणि प्रशासकीय सेवामुक्ती यांची लेखणी बव्हंशी सेनाधिकाऱ्याच्याच हाती राहिली आहे. म्हणजे वागणुकीचा अर्थ लावण्याचा अधिकार जिथे होता तिथेच आहे.

यावर इथल्या कॉम्रेड्सच्या मनात आपल्याकडच्या गोष्टी येत असतील. आपल्या महाराष्ट्रात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, १९७२ साली एका आदिवासी मजूर मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. मथुरा खटला या नावाने तो देशभर गाजला. १९७६ मध्ये नागपूर खंडपीठाने भीतीपोटी आलेली निमूट शरणागती आणि संमती यांत भेद केला व पोलिसांना दोषी ठरवले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, म्हणजे ते ‘शांततेत’ घडले! उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर मोर्चे निघाले, आणि १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला. बॉस्टनच्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये जे मांडले होते तेच आपल्या नागपूरच्या न्यायमूर्तींनी ओळखले होते. गणवेशापुढे गोठून गेलेली मुलगी ‘राजी’ असते हा समज अमेरिकेच्या मालकीचा नाही. आणि २०१३ मध्ये न्यायमूर्ती वर्मा समितीने सशस्त्र दलांच्या माणसांनी स्त्रियांवर केलेले लैंगिक गुन्हे सामान्य फौजदारी कायद्याखाली आणावेत, त्यासाठी सरकारी परवानगीची अट नसावी, अशी जी शिफारस केली, ती त्या वर्षीच्या कायद्यातून गाळण्यात आली. २००४ मध्ये इंफाळच्या कांगला किल्ल्यापुढे ज्या बारा आयांनी निर्वस्त्र होऊन निदर्शने केली त्यांची मागणी काय होती, हे पक्षाच्या पत्रांत आपण वाचलेले आहे; त्याची उजळणी इथे करीत नाही.

आणखी एक गोष्ट सांगते. थोडी अप्रिय वाटेल. शिस्त हा आपल्याही संघटनेचा कणा आहे आणि असायला हवा. युनियनमध्ये, आघाडीत, पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या कम्यूनमध्ये एखादी कार्यकर्ती अचानक बैठकांना येईनाशी होते, एका ठराविक माणसाबरोबर दौऱ्यावर जायला नकार देते, चिडचिडी होते, काम सोडते. अशा वेळी आपल्या अहवालात ‘निष्क्रिय झाली’, ‘कौटुंबिक अडचण’, ‘वैचारिक ढिलाई’ असे शब्द लिहिले जातात. ते लिहिण्यापूर्वी तिला, तिच्या शाखेबाहेरच्या एखाद्या स्त्री कॉम्रेडने, एकट्याने भेटून विचारले आहे काय? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आपण मालकांच्या तोंडावर फेकतो. त्यातील तक्रार समिती आपल्या कचेऱ्यांत कुठे आहे आणि तिच्यावर कोण आहे, हे किती सभासद सांगू शकतील?

माजी सैनिक खात्याचा जो नियम मी सांगितला, त्यातील वागणुकीच्या खुणांची यादी मी मराठीत उतरवली आहे. ती कारखान्यातल्या, रुग्णालयातल्या, विडी-उद्योगातल्या आपल्या कार्यकर्त्यांना उपयोगी पडेल असे वाटते. चाळीसएक प्रती दाराजवळच्या मेजावर आहेत. इंदूर, बडोदा, हैदराबाद आणि बेळगाव इथून आलेल्या कॉम्रेड्सनी आपल्या शाखेसाठी आधी घ्याव्यात, उरतील त्या इथल्यांनी. आता प्रश्न घेऊ.